रंग देऊन वर्ष होत आलं: भिंती आता कशा दिसतात

घर पुण्यातलं, टू बीएचके, तिसरा मजला. हॉल पश्चिमेला, मोठी बेडरूम उत्तरेला, स्वयंपाकघर पूर्वेला. जमिनीला बिल्डरने घातलेल्या २ बाय २ फुटी, हस्तिदंती रंगाच्या चकचकीत टाइल्स. रंगकाम दिवाळीनंतर झालं. आता उन्हाळा, पावसाळा, गणपती सगळं उरकलंय, तेव्हा बोलायला हरकत नाही. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. एकाच दर्जाच्या इमल्शनमध्ये (भिंतीला लावायच्या पाण्यातल्या रंगात) कंपनीमुळे जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त छटा, फिनिश आणि खालच्या तयारीमुळे पडतो.

हॉलचा फिकट राखाडी. सध्या निम्म्या शहराने हाच लावलाय. दुकानातल्या शेड कार्डावर देखणा, भिंतीवर मात्र आठवड्याभरात जांभळट वाटू लागतो, आणि दोष रंगाचा नसून खालच्या टाइल्सचा असतो. हस्तिदंतीतला पिवळेपणा शेजारी असला की राखाडीतली लपलेली निळी झाक उठून दिसते. त्यात ६५०० केल्विनची पांढरीफट्ट ट्यूब लावली की झालंच. ही झाक दुकानातच पकडता येते. ज्या पट्टीवर आपली छटा आहे, तिच्यातली सगळ्यात गडद छटा बघायची. ती निळी किंवा जांभळी असेल, तर वरची फिकटही आतून तशीच असते. हस्तिदंती किंवा बदामी जमीन असेल तर राखाडी घ्यायचा तो तपकिरीकडे झुकणारा. पांढरी किंवा करडी जमीन असेल तर थंड, म्हणजे निळसर झाकेचा राखाडी खुशाल घ्या. कोट्याची फरशी हिरवट असते, तिथे सायीचा रंग कधी दगा देत नाही.

नमुना थेट भिंतीवर मारू नये, कारण आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. २ बाय २ फुटाच्या हार्डबोर्डला प्रायमर लावून वर रंगाचे दोन हात द्यावेत, कडेला पांढरी पट्टी ठेवू नये, आणि तो जमिनीला टेकवून उभा करावा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून, असं तीनदा बघावं. चार भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात, त्यामुळे खोलीत रंग कार्डापेक्षा गडद आणि भडक होतो. मनात भरलेल्या छटेहून एक घर फिकट घेतलेली बरी. आणि दिवे आधी ठरवा, रंग नंतर. ३००० केल्विनच्या पिवळसर उजेडात पिवळे-तांबूस रंग खुलतात आणि निळे मरगळतात. स्वयंपाकघर आणि अभ्यासाच्या टेबलाला ४००० पुरतं. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त असेल तर रंग खरे दिसतात, स्वस्त दिव्यात विटकरी भिंत चक्क मातकट दिसते.

उत्तरेच्या बेडरूममधला पिस्ता हा सगळ्यात फिका अनुभव. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, शून्य सावलीचे दोन दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात. म्हणजे उत्तरेच्या खिडकीला बरं ऊन मिळतं ते मे महिन्यात, पुढे ढग. हिवाळ्यात तिथे फक्त आकाशाचा निळसर उजेड येतो आणि त्यात पिस्ता दवाखान्यासारखा वाटतो. अशा खोलीला फिकट अबोली, बदामी, फार तर दुधी. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर बऱ्याच छटांपुढे एलआरव्ही हा आकडा असतो, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते ते. कमी उजेडाच्या खोलीत ६० च्या खाली उतरू नये. समोरची इमारत पिवळी असेल किंवा खिडकीत झाड असेल, तर त्याचाही रंग आत येतो, तो धरून चाला.

पलंगामागची मोरपंखी भिंत पहिल्या दिवशी सगळ्यात देखणी होती आणि आता सगळ्यात जुनी दिसते. गडद रंग मॅट, म्हणजे बिनचमकीच्या फिनिशमध्ये घेतला की नखाचा हलका ओरखडाही पांढरा उमटतो. उशीच्या उंचीवर केसांच्या तेलाचा डाग धरतो. तो पुसायला गेलं की तेवढाच भाग तुकतुकीत होतो, आणि फडक्यावर थोडा रंगही येतो, कारण गडद छटेत रंगद्रव्य जास्त मिसळावं लागतं. उपाय दोन: ही एक भिंत सॉफ्ट शीनमध्ये, म्हणजे हलक्या चमकीच्या फिनिशमध्ये करणे, किंवा पलंगाला ४ फुटांपर्यंत पाठ लावणे. कुठलीही भिंत पहिला महिनाभर ओल्या फडक्याने पुसू नका, थर पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

शीन मात्र भिंतीचे उंचवटे चव्हाट्यावर आणतं. लांबी (पुट्टी) भरून झाल्यावर मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. जिथे सावली पडेल तिथे पुन्हा पट्टी फिरवून घ्या. रंगारी म्हणेल ‘रंग लागला की दिसणार नाही’. उलट, रंग लागल्यावरच दिसतं. छताला म्हणूनच साधा पांढरा मॅट, दुसरं काही नको.

स्वयंपाकघरातला लिंबू रंग छान टिकलाय, पण दोन हातांत झाकत नाही. पिवळ्या आणि लाल रंगांची झाकण्याची ताकद मुळात कमी. जुन्या गडद भिंतीवर थेट मारले तर चौथा हातही पुरत नाही, त्यापेक्षा आधी पांढऱ्या प्रायमरचा एक भरपूर हात स्वस्त पडतो. ओट्यावरच्या टाइल्स २ फुटांवर थांबवतात, फोडणीचा तवंग मात्र त्याच्या बराच वर जातो. तिथे धुता येणारं इमल्शन हवंच, डिस्टेंपर नको. देव्हाऱ्यामागची काजळी आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. ओलं फडकं आधी लावलं तर ती भिंतीत मुरते.

गणपतीच्या सजावटीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली होती, ती काढताना हॉलमध्ये दोन ठिकाणी रंगासकट लांबी निघाली. पापुद्रा उलटून पाहिला तर मागे पांढरी भुकटी होती. पॉलिश पेपर मारल्यावर धूळ न पुसताच प्रायमर चढवला की असं होतं: रंग धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. काम चालू असताना भिंतीवरून तळहात फिरवा, हात पांढरा झाला तर प्रायमर थांबवा. टेप काढायची तर हेअर ड्रायरने गरम करून सावकाश, भिंतीलगत ओढत काढा.

पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली फुगे आले. इथे रंगाला शिव्या देऊन उपयोग नसतो, ओल बाहेरच्या भेगेतून येते. शंका असल्यास २ बाय २ फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर सीलबंद करून दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतूनच येतंय. आधी बाहेरची भेग भरायची, आतला खार आणि सुटलेली लांबी खरवडायची, भिंत पूर्ण सुकू द्यायची, मग रंग. घाईने वर वॉलपेपर लावला तर मागे बुरशी धरते.

किती रंग लागतो? १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट: ४४ गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता ४०० धरा. नीट प्रायमर केलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला १०० ते १२० चौरस फूट जातं, म्हणजे ४ लिटरचा डबा पुरतो. रंगारी ६ सांगत असेल तर हिशेब मागा, आणि ३ सांगत असेल तर तो पाणी किती घालणार ते विचारा. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. एकाहून जास्त डबे असतील तर एका बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. मशीनवर मिसळलेले दोन डबे तंतोतंत सारखे निघतीलच असं नाही, आणि जोड बरोबर भिंतीच्या मधोमध येतो.

उरलेला रंग अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवू नका, आत हवा राहते आणि साय धरते. छोट्या बरणीत काठोकाठ भरून, वर छटेचा कोड, बेस (ज्यात छटा मिसळली तो मूळ रंग) आणि खोलीचं नाव लिहून ठेवा. टचअप फिकट मॅट भिंतीवर खपून जातं. शीनच्या भिंतीवर ठिपका मारलात तर तो तिरप्या उजेडात कायम दिसणार, तिथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळी भिंतच रोलरने घ्यावी लागते.