९४० किलोमीटरनंतर: मराठवाड्याच्या रस्त्यांवर रनिंग शूजची एक जोडी

जोडी साधी. रोजच्या सरावाची, डांबरी रस्त्यासाठी बनवलेली, ईव्हीए फोमची, किंमत साडेपाच हजारांच्या घरात. ९ नंबरचा एक बूट काट्यावर २८५ ग्रॅम भरतो. टाचेची जाडी चवड्यापेक्षा १० मिलिमीटरने जास्त. वापर जूनपासून एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे अकरा महिने. त्यात दोन १० किलोमीटरच्या स्पर्धा आणि दोन अर्धमॅरेथॉन. पळणाऱ्याचं वजन ७२ किलो, पाऊल टाचेवर पडतं. साधारण निम्मं अंतर डांबरावर, पाव सिमेंटवर, उरलेलं मुरूम आणि पाणंदीवर. कंपनीचं नाव देत नाही, कारण खालचं बहुतेक सगळं या किमतीच्या कुठल्याही जोडीला लागू आहे.

अशा बुटांचं आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर सांगतात. आपल्याकडे नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. ऊन, काटे आणि काळी माती यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, आणि तो नीट ठेवला तर ८०० च्या पुढेही जोडी जाते.

आधी उन्हाचं. ईव्हीए म्हणजे हवेचे बारीक बंद बुडबुडे असलेला फोम. पाऊल पडलं की बुडबुडे दबतात, उचललं की फुगतात. तापला की हा फोम मऊ पडतो, जास्त दबतो आणि सावरायला वेळ घेतो. डिसेंबरात पहाटेच्या दहा-बारा अंशांत हीच जोडी जराशी टणक लागते. एप्रिलमध्ये संध्याकाळी सातला, डांबर अजून तापलेलं असताना, सहा-सात किलोमीटरनंतर टाच खाली बसल्यासारखी वाटते. बूट गेला असं समजू नका, दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा ठीक असतो. मार्च ते मे संध्याकाळचं पळणं सोडून पहाटे पाचला निघावं, सातच्या आत घरी यावं. शरीरालाही तेच मानवतं. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, लगेच उडून जातो, टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे तेवढे उरतात. त्यामुळे किती पाणी गेलं याचा अंदाज चुकतो. निघताना आणि आल्यावर वजन करून बघा: जेवढे ग्रॅम घटले, जवळपास तेवढे मिलिलिटर पाणी गेलं.

फोमचं खरं नुकसान मात्र बूट ठेवतो तिथे होतं. स्कूटरची डिकी, उन्हात उभी बंद गाडी, गच्चीवरचा पत्रा. बंद गाडीत मे महिन्याच्या दुपारी तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. तेवढ्या तापात फोम आक्रसतो, चिकटवण सैल होते, आणि आक्रसलेला फोम परत फुगत नाही. खूण सोपी आहे: इनसोलच्या, म्हणजे आतल्या सुट्या गादीच्या, कडा वर उचलल्या जातात, कारण खालचा भाग लहान झालेला असतो, आणि अंगठा पुढे टेकायला लागतो. घरात सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवलेल्या जोडीला हे होत नाही.

या जोडीचा तळ ६०० किलोमीटरच्या सुमारास उजव्या चवड्याजवळ दोन सेंटिमीटर सुटला. दुरुस्ती घरी होते. सुटलेल्या दोन्ही बाजू कोरड्या ब्रशने साफ करा, पॉलिश पेपरने हलक्या खरवडा. बूट शिवणारे वापरतात ते सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. बोटाला चिकटेल पण धागा निघणार नाही, इतकं सुकलं की मग दाबा. ओलं असतानाच दाबलं तर चार दिवसांत परत सुटतं; बहुतेकांची चूक हीच होते. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून एक दिवस ठेवा. या जोडीचा तो सांधा पुढचे ३४० किलोमीटर टिकला.

मे महिन्यात पाघळलेलं डांबर तळाला लागतं आणि त्यावर खडी चिकटते. ते काढायला पेट्रोल किंवा रॉकेल कधीही वापरू नका, फोम आणि चिकटवण दोन्ही खराब होतात. गोडेतेल लावून अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, साबणाने तेल काढून टाका. तेल राहिलं तर सिमेंटवर पाय घसरतो.

आता माती. संभाजीनगरच्या आसपास मुरमाचे रस्ते पुष्कळ आहेत. विद्यापीठाच्या मागे गोगाबाबा टेकडीकडे किंवा लेण्यांकडे जाताना पावसातही बूट फारसे भरत नाहीत, मुरूम पाणी जिरवतो. परभणी, हिंगोली, नांदेडकडे माती खोल काळी आहे, तिथे हिशेब बदलतो. ही माती पाणी धरून फुगते आणि तळाला धरते. पाऊस होऊन गेल्यावर पाणंदीवर दीडशे पावलं टाकली आणि बूट तोलला: २८५ ग्रॅमचा ५५० भरला. एवढं ओझं पायाच्या टोकाला घेऊन पळताना पोटरी आणि नडगी दोन्ही भरून येतात. खोल नक्षीचे ट्रेल शूज घेतल्यानेही फार फरक पडत नाही, खाचांत माती ठासून बसते. जोराचा पाऊस झाला की दोन दिवस डांबराला धरून राहणं एवढाच उपाय.

माखलेला बूट लगेच धुवू नका. ओली काळी माती पाण्याने जाळीत आणखी आत जाते आणि सुकल्यावर कापड ताठ होतं. अर्धवट वाळू द्या, मग लाकडी पट्टीने पापुद्रे काढा, दोन्ही बूट एकमेकांवर आपटा, ब्रश मारा. नव्वद टक्के काम पाण्याशिवाय होतं, आणि चार-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं अशा गावांत हे महत्त्वाचं आहे. उरलेल्यासाठी अर्धी बादली पुरते. लेस आणि इनसोल वेगळे, कोमट पाणी, थोडी साबण पावडर, मऊ ब्रश. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्या, नाहीतर अपरवर, म्हणजे बुटाच्या वरच्या कापडावर, पांढरे डाग बसतात आणि कापड टाचेला घासतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. वॉशिंग मशीन नको, ऊन तर नकोच.

हिवाळा सरता सरता हीच माती भेगाळते. शेतकडेच्या वाटेवर चवडा आत जाईल एवढ्या भेगा पडतात, वर वाळलेलं गवत असतं आणि त्या दिसत नाहीत. फेब्रुवारीनंतर अंधारात पाणंदीवर पळू नये.

काट्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. या वर्गाच्या बुटांना तळाला सगळीकडे रबर नसतं. टाच आणि चवडा यांवर रबराच्या पट्ट्या, मध्ये उघडा फोम. वजन कमी करण्यासाठी तसं करतात. सराट्याचा काटा आखूड असतो, रबरात रुततो आणि तिथेच राहतो. पकडीने ओढला की काम झालं. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा लांब. तो उघड्या फोममधून सरळ वर चढतो, बाहेरचं टोक रस्त्यावर तुटतं आणि आतला तुकडा कुठे आहे ते खालून दिसत नाही. सुरुवातीला काही टोचत नाही. पाच-सात पळण्यांत फोम दबत दबत टोक इनसोलपर्यंत पोचतं, आणि मग एक दिवस लाँग रनमध्ये तळव्याला सुई लागते. दर रविवारी इनसोल काढून आतून तळहात फिरवा, खिळ्यासारखं काही लागलं तर त्या जागी अंगठ्याने खालून दाबा, टोक वर येईल, मग चिमट्याने आतूनच ओढा. खालून खणायला गेलात तर फोमला भोक पडतं. अकरा महिन्यांत या जोडीतून असे नऊ काटे निघाले, त्यातले सात एकाच कॅनॉलच्या वाटेवरचे. नवीन जोडी घेताना तळ उलटा करून मधला उघडा भाग किती आहे ते बघा.

रस्त्याचा उतारही बुटावर उमटतो. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता असतो. समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण उजव्या कडेने पळतो, तेव्हा उजवं पाऊल कायम खालच्या बाजूला पडतं. परिणाम पट्टीने मोजला: उजव्या टाचेचं बाहेरचं रबर ३ मिलिमीटर झिजलं, डाव्याचं २. नेहमी त्याच रस्त्याने जात असाल तर आठवड्यातून दोन दिवस मैदानावर किंवा सपाट कॉलनी रस्त्यावर पळा. कड मात्र सोडू नका, विशेषतः गाळप हंगामात. नोव्हेंबर ते मार्च पहाटेच्या अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, कित्येकांना मागचा दिवाच नसतो. बुटाच्या टाचेवरची चमकती पट्टी समोरून येणाऱ्याला दिसत नाही. छातीवर रिफ्लेक्टर पट्टा आणि हातात टॉर्च हवाच. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यांवर घोटा मुरगळतो तो वेगळाच.

स्पर्धांत या जोडीने काय केलं? आपल्याकडच्या स्पर्धा बहुतेक थंडीत, सूर्य उगवायच्या आधी सुटणाऱ्या. बऱ्याच मार्गांवर परतीचा फेरा प्लास्टिकच्या कोनाभोवती असतो. पूर्ण वेगात तिथे एका पायावर वळलात तर फोम बाजूला कलतो आणि करंगळीखालचं रबर कुरतडलं जातं. कोनाच्या दहा मीटर आधी वेग कमी करा, चार-पाच लहान पावलांत वळा. वेळ दीड-दोन सेकंद जातो, घोटा वाचतो.

वेळ मोजणारी चिप हल्ली बहुधा बिबमागेच, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदामागेच असते. बिब दुमडू नका, त्यावर पट्टा बांधू नका. काही ठिकाणी अजून लेसला अडकवायची चिप देतात. ती वरच्या भोकांजवळ लावली तर पावलाच्या उंचवट्यावर दाब येतो आणि आठव्या किलोमीटरला पाय बधिर होतो. खालून दुसऱ्या-तिसऱ्या आडव्या लेसवर लावा, सैल. पाण्याच्या टेबलावर डोक्यावर पाणी ओतायचं तर पुढे वाकून, मानेवर. सरळ उभं राहून ओतलेलं पाणी पायांवरून मोज्यात उतरतं आणि ओल्या मोज्याने फोड येतात. सुती मोजे स्पर्धेला नकोत, ते ओल धरून ठेवतात.

बुटाशी थेट संबंध नाही, पण अंतराबद्दल एक. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. नीट मोजलेला मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. वळणं बाहेरून घेतली की घड्याळ २१.३ दाखवतं. आयोजकांशी वाद घालण्याआधी आपली वळणं आठवावीत.

कार्बन प्लेटचे, म्हणजे फोममध्ये कडक कार्बनची पट्टी असलेले शूज घ्यावेत का, हे प्रत्येक स्पर्धेच्या सकाळी विचारलं जातं. वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या नियमात रस्त्यावरच्या स्पर्धेसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि प्लेट एकच चालते. असे बूट वेगासाठी बनतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद. किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाला प्लेटचा फायदा कमी आणि माणसागणिक वेगळा. शिवाय उंच, अरुंद तळ मुरमावर डगमगतो. त्याच पैशांत रोजच्या दोन जोड्या घ्याव्यात आणि आलटून पालटून वापराव्यात. फोमला सावरायला एक दिवस मिळतो.

मापाबद्दल मात्र ही जोडी चुकली. आपल्याकडचे नंबर यूके मापाचे असतात आणि कंपनीगणिक बदलतात, म्हणून जिभेवरच्या लेबलचा सेंटिमीटरचा आकडा बघावा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचे मोजे घालून बूट घालून बघा. पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी रुंदी सुटली पाहिजे. इथे त्याच्या निम्मी सुटली होती. सपाटीवर काही कळलं नाही. दौलताबादहून खुलताबादला चढणाऱ्या घाटात परतीच्या उतारावर बोटं पुढे आपटली आणि अंगठ्याचं नख काळं पडलं. हील लॉकने बरंच सावरतं: सर्वांत वरच्या जादा भोकातून लेस त्याच बाजूने आत घालून छोटा फास ठेवा, दोन्ही टोकं समोरच्या फासातून ओढा, खाली आणि मागे खेचून गाठ मारा. टाच मागे बसते, पाय पुढे सरकत नाही.

आजची अवस्था: फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्यात, अंगठ्याने दाबला तर दबत नाही, टेबलावर ठेवून मागून बघितलं तर उजवा बूट बाहेर कललेला दिसतो. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की त्या जोडीत पळणं थांबवायचं. एकटी सुरकुती चालते. ८५० नंतर पोटऱ्या सकाळी जड लागायला लागल्या तेव्हाच बदलायला हवी होती. पुढची जोडी हीच, अर्ध्या नंबराने मोठी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे स्पर्धांच्या आधी पन्नास किलोमीटर अंगवळणी पडेल. जुनीचे इनसोल आणि लेस काढून ठेवलेत, बूट पावसाळ्यात शेताच्या वाटेसाठी.