जुनं आउटबोर्ड: आधी लाइन बघायची की कार्बोरेटर खोलायचा?

जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, वेग वाढवला की दम टाकायला लागलं, की बहुतेकांचा हात पहिला कार्बोरेटरकडे जातो. मी आधी पेट्रोलची लाइन बघेन, कारण त्याला पाना लागत नाही, नुसता हात पुरतो.

इंजिन मरायला लागताच टाकीकडून येणाऱ्या पेट्रोलच्या नळीवरचा, म्हणजे होजवरचा, रबरी बल्ब (हाताने पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा) दाबा. लगेच जीव आला, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये: पंपाचा पडदा फाटलाय किंवा एखाद्या सांध्यातून हवा ओढली जातेय. बल्ब चपटा होऊन तसाच राहिला, तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असणं तर अगदी नेहमीचं! जुन्या होजचं आतलं अस्तर इथेनॉलमिश्रित पेट्रोलने सुटतं. बाहेरून होज धडधाकट दिसते आणि आतून वाट बंद.

कार्बोरेटरची लक्षणं वेगळी. बल्ब टणक आहे, तरी इंजिन मंद गतीला टिकत नाही आणि चोक ओढला की सुधारतं, तेव्हा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबल्याचा संशय घ्या. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं पेट्रोल तिथे चिकट थर धरतं. खोललंत तर जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि दाबाची हवा वापरा. गॅस्केट नवीनच घाला.

होज आणि बल्ब जुने असतील तर ते मात्र दोन्ही बाबतीत बदलाच.