मांजराचं बुजरं पिल्लू घ्यावं की धीट? सांगलीतलं घर डोळ्यांसमोर ठेवून केलेली तुलना

प्राण्यांच्या शेल्टरमध्ये पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की एक पिल्लू हमखास जाळीवर चढून ओरडतं, बोटाला डोकं घासतं. दुसरं मागच्या कोपऱ्यात, भावंडांच्या आडोशाला, कान पाडून अंग चोरून बसलेलं असतं. बहुतेक जण पहिलं घेऊन जातात. काहींचा जीव मात्र त्या कोपऱ्यातल्यात अडकतो. अशांचे फोन मला येतात. "काकू, घेऊ का? माणसाळेल ना?"

आमच्याकडे दोन्ही आहेत. हळद्या हा धीट बोका, आणि काजळी ही उसाच्या फडात तोडणीच्या वेळी सापडलेली काळी, कमालीची बुजरी भाटी. दोघंही एकाच शेल्टरमधून आणलेली, वर्षभराच्या अंतराने. काजळीवर माझा जीव जरा जास्तच आहे. तरीही विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "बुजरंच घ्या" म्हणत नाही. आधी घराची चौकशी करते.

आधी ते बुजरं आहे का, हे बघा

गप्प बसलेलं प्रत्येक पिल्लू बुजरं नसतं. डोळ्यात चिपडं, नाक वाहतंय, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा वर आलेला, खाण्याकडे लक्ष नाही, अशी लक्षणं दिसली तर ते आजारी आहे. त्याला आधी डॉक्टर हवा, घर नंतर.

काही पिल्लं फक्त शेल्टरच्या गोंगाटाला घाबरलेली असतात. दिवसभर कुत्री भुंकत असतात, भांडी आपटत असतात, माणसं येत-जात असतात. अशा पिल्लाला संध्याकाळी, सगळं शांत झाल्यावर भेटा. जमिनीवर बसा, त्याच्याकडे टक लावू नका, चमच्यावर उकडलेल्या चिकनचे तंतू पुढे धरा. तुमच्या समोर खाल्लं, टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतल्यावर पाच-दहा मिनिटांत अंग सैल सोडलं, तर काळजी करू नका. घरी आठ-पंधरा दिवसांत ते अंथरुणात येऊन झोपेल.

खरं बुजरं पिल्लू ते, ज्याला लहानपणी माणसाचा हातच लागला नाही. मांजराच्या पिल्लाची माणसाशी ओळख होण्याचा खरा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या आसपासचा. त्या वयात माणसाचा वास, आवाज, हात सवयीचे झाले तर पुढे सगळं सोपं जातं. काजळी सापडली तेव्हा अंदाजे तीन महिन्यांची होती, म्हणजे तो काळ उलटून गेलेला. अशी पिल्लं माणसाळतात, पण हिशेब दिवसांचा राहत नाही, महिन्यांचा होतो. म्हणून शेल्टरमध्ये दोन गोष्टी नक्की विचारा: सापडलं तेव्हा वय किती होतं, आणि तिथल्या एखाद्या तरी माणसाच्या हातून ते खातं का.

(जाता जाता: शिराळा किंवा कराडकडच्या फडात ठिपकेवालं पिल्लू सापडलं, तर ते घरी आणू नका. ते बिबट्याचं किंवा रानमांजराचं असू शकतं. आई जवळपासच असते. वनविभागाला फोन करा.)

पहिले पंधरा दिवस

हळद्याने पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघर, बाथरूम, देवघर सगळं फिरून पाहिलं आणि रात्री माझ्या पायाशी झोपला. त्याच्या बाबतीत आम्हाला एकच धावपळ करावी लागली, घर त्याच्यापासून वाचवण्याची. धीट पिल्लू गॅसच्या ओट्यावर उडी मारतं, वायर चावतं, शिवणकामाचा दोरा गिळतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर चालतं. विश्रामबागेसारख्या भागात फ्लॅटमध्ये राहत असाल, तर धीट पिल्लू आणण्याआधी गॅलरीला बारीक जाळी मारून घ्या. गजांच्या ग्रिलमधून पिल्लू सहज जातं.

काजळी पहिले चार दिवस मला दिसलीच नाही. सकाळी वाटी रिकामी आणि लिटर ट्रेमधली वाळू उकरलेली दिसायची, एवढीच काय ती खूण. बुजऱ्या पिल्लाला सुरुवातीला अख्खं घर द्यायचं नसतं, एकच लहान खोली द्यायची. पलंगाखालची आणि कपाटामागची जागा आधी उशा, पुठ्ठे लावून बंद करायची, आणि त्याऐवजी दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं खोकं ठेवायचं. लपायला जागा हवीच. फक्त ती आपला हात पोचेल अशी असावी.

मग रोज ठरल्या वेळी जायचं, वाटी ठेवायची आणि तिथेच पाठ करून बसायचं. मी मोठ्याने पेपर वाचायचे. नजरानजर झाली की डोळे सावकाश मिटून सावकाश उघडायचे. मांजराच्या भाषेत ही ओळख असते. २०२० साली ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीही हे तपासलं. माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही तसं करतात आणि जवळ यायला जास्त तयार होतात, असं त्यांना दिसलं. माझ्या अनुभवात दोऱ्याला बांधलेलं पीस त्याहून लवकर काम करतं. शिकारीच्या नादात पिल्लू भीती विसरतं. मात्र खेळ झाला की दोरा उचलून ठेवायचा.

अकराव्या दिवशी काजळीने माझ्या बोटावरचं चिकन चाटलं. अंगाला हात लावू दिला दुसऱ्या महिन्यात. गळ्यातली घुर्रघुर्र ऐकायला मिळाली तेव्हा पावसाळा सरत आला होता. पाहुण्यांसमोर ती आजही येत नाही. माझ्या मांडीवर मात्र रोज संध्याकाळी असते.

या काळात एक गोष्ट कधीच करू नका. लपलेल्या पिल्लाला ओढून काढू नका, "सवय होऊ दे" म्हणून चारचौघांत फिरवू नका. घाबरलेलं पिल्लू आधी फिस्कारतं, मग ओरबाडतं किंवा चावतं. तसं झालंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजच्या बाबतीत "लहान पिल्लू तर आहे" हा विचार चालत नाही.

खाणं, आणि शाकाहारी घरं

इथे दोघांत फरक थोडाच, पण महत्त्वाचा. धीट पिल्लू नवं खाणं हुंगून बघतं. बुजरं पिल्लू ताणाने खाणंच सोडतं, आणि लहान पिल्लाने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर थेट डॉक्टरकडे न्यावं लागतं. म्हणून शेल्टरमध्ये जे देत होते तेच सुरुवातीला द्या.

आपल्याकडे दूध-भाकरीवर मांजर पाळायची रीत आहे. गाई-म्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. शिवाय मांजर हा निव्वळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हा घटक त्याला खाण्यातूनच मिळावा लागतो. तो कमी पडला तर हृदय आणि डोळे बिघडतात. तुमच्या घरात मांस-मासळी चालत नसेल, तर मांजरांसाठीचं तयार कोरडं खाणं चालेल का, हे घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. त्यांचं उत्तर नाही असेल, तर धीट किंवा बुजरं, कुठलंच मांजर आणू नका. मला हे सांगताना वाईट वाटतं, पण उपाशी डोळ्यांचं मांजर बघताना त्याहून जास्त वाटतं.

दवाखाना

ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची) लशीचा पहिला डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांचं असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध, आणि पाच-सहा महिन्यांत ऑपरेशन. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, तेव्हा "एक वेत होऊ दे" म्हणत थांबू नका. हे सगळं दोघांना सारखंच लागतं. फरक एवढाच की हळद्याला मी पिशवीत घालून रिक्षाने नेते, आणि काजळीसाठी आदल्या दिवसापासून तयारी करावी लागते. तिचं कॅरिअर कायम उघडं, आत जुनी चादर टाकून, खोलीतच असतं. ती त्यातच जेवते, म्हणून त्यात शिरताना बिचकत नाही.

पूर

सांगलीत ही बाब मी सगळ्यात वर ठेवते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही तेव्हा गावभागात वाड्यात होतो. शेजारच्या घरातलं बुजरं मांजर बोटीचा, माणसांचा आवाज ऐकून माळ्यावर कौलांखाली जाऊन बसलं. घरच्यांनी शेवटपर्यंत हाका मारल्या. बोट थांबू शकत नव्हती. पाणी ओसरल्यावर ते जिवंत सापडलं, पण ते सहा दिवस त्या वहिनींनी कसे काढले ते मी पाहिलंय. धीट मांजर अशा वेळी पायात पायात येतं, उचलून टोपलीत घालता येतं.

नदीकाठच्या भागात राहत असाल आणि बुजरं पिल्लूच घेणार असाल, तर नियम करून ठेवा. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पुलापाशी पाणी ३० फुटांच्या वर चढू लागलं, की मांजर एका खोलीत बंद, माळ्याचं दार बंद, कॅरिअर दाराशी. सोबत त्याच्या लशींचं कार्ड. दिवाळीच्या फटाक्यांना आणि गणपतीच्या मिरवणुकीलाही हाच बंदोबस्त उपयोगी पडतो.

हरवण्याच्या बाबतीतही दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. धीट मांजर हिंडत लांब जातं, कुणाच्या तरी घरी जेवतं. गल्लीत विचारत फिरलं की पत्ता लागतो. बुजरं मांजर सहसा दोन-चार घरांच्या आतच, जिन्याखाली किंवा गटाराच्या फरशीखाली, हूं की चूं न करता बसलेलं असतं. त्याला रात्री उशिरा बॅटरी घेऊन शोधावं. डोळे चमकतात.

मग कुणी कुठलं घ्यावं?

घरात सात-आठ वर्षांखालची मुलं असतील, दिवसभर दार उघडं असेल, खाली दुकान आणि वर घर असेल, किंवा आधीच कुत्रा असेल, तर धीट पिल्लू घ्या. बुजऱ्या पिल्लाला अशा घरात कोपरा सुटणारच नाही, आणि मुलंही हिरमुसतील. नोकरीमुळे दहा तास बाहेर असाल आणि एकटे राहत असाल, तर धीट पिल्लू एकटं ठेवू नका. ते कंटाळून पडदे फाडेल.

दोघंच राहणारे निवृत्त पतीपत्नी, घरून काम करणारे, शांत अभ्यासू मूल असलेलं घर, यांना मी बुजरं पिल्लू निःसंकोच सुचवते. शेल्टरमध्ये तेच सगळ्यात शेवटपर्यंत मागे राहतं, आणि जितकं मोठं होतं तितकं त्याला घर मिळणं अवघड जातं.

दोन पिल्लं झेपत असतील, तर बुजरं आणि त्याचंच धीट भावंड असं जोडीने आणणं मला सगळ्यात पटतं. धीट पिल्लू माणसाच्या हातून खाताना बघून दुसरं पुढे सरकतं. फक्त रोज थोडा वेळ बुजऱ्याबरोबर एकट्याने बसा, नाहीतर ते भावंडालाच धरून राहतं आणि तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

आणायला जाल तेव्हा झाकणाचं कॅरिअर आणि एक टॉवेल न्या. निघताना त्याच्या पिंजऱ्यातल्या अंथरुणाचा तुकडा मागून घ्या. न धुता, तसाच. घरी गेल्यावर तो खोक्यात घाला.