व्हिजिटरचा खरा आयपी: हेडरमधून घ्यावा की प्रॉक्सी प्रोटोकॉलमधून?

लॉगमध्ये प्रत्येक रिक्वेस्टसमोर १२७.०.०.१ किंवा १७२.१७.०.१ दिसत असेल, तर ॲप्लिकेशन सर्व्हर बिघडलेला नाही. ज्यानं टीसीपी कनेक्शन उघडलं त्याचाच पत्ता तो लिहितो आहे. पहिला पत्ता बहुतेक त्याच मशीनवरच्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा असतो आणि दुसरा डॉकर या कंटेनर साधनाच्या ब्रिजचा, म्हणजे आतल्या नेटवर्कचा. खरा व्हिजिटर प्रॉक्सीच्या, म्हणजे रिक्वेस्ट पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरच्या, पलीकडे राहिला. त्याचा पत्ता आत आणण्याचे मुख्य मार्ग दोन: हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) किंवा प्रॉक्सी प्रोटोकॉल. कुठला घ्यायचा हे टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, कुठे उघडतं यावर ठरवावं, असं माझं मत आहे.

निवडीआधी एक चाचणी करा. ॲपच्या एखाद्या तात्पुरत्या पानावर तीन गोष्टी छापा: सॉकेटचा पत्ता, एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर जसाच्या तसा आणि फ्रेमवर्कनं ठरवलेला आयपी. मग मोबाइल डेटावरून, त्या हेडरमध्ये १.२.३.४ असा खोटा पत्ता घालून कर्ल या कमांडलाइन साधनानं रिक्वेस्ट पाठवा. फ्रेमवर्कचा निकाल १.२.३.४ आला, तर चुकीच्या आयपीपेक्षा मोठी अडचण तुमच्यासमोर आहे: कोणीही स्वतःचा आयपी स्वतः ठरवू शकतो.

एक्स-फॉरवर्डेड-फॉर

हा हेडर स्क्विड प्रॉक्सीमधून आला आणि कुठलंही अधिकृत प्रमाण नसताना सगळीकडे रुळला. त्यात स्वल्पविरामांनी जोडलेली यादी असते आणि प्रत्येक प्रॉक्सी आपल्याला दिसलेला पत्ता उजवीकडे जोडते. म्हणजे वरच्या चाचणीत ॲपपर्यंत ‘१.२.३.४, २०३.०.११३.७’ असं काहीतरी पोचतं. डावीकडचं व्हिजिटरनं पाठवलेलं, उजवीकडचं तुमच्या प्रॉक्सीनं पाहिलेलं. तरीही यादीतला पहिला पत्ता उचलणारा कोड सर्रास फिरताना दिसतो. लॉगिनच्या प्रयत्नांवर आयपीनुसार मर्यादा असेल, तर हल्लेखोर दर रिक्वेस्टला नवा आकडा घालतो आणि मर्यादा कधी लागतच नाही. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये या हेडरवरून पत्ता भरणारं मिडलवेअर (रिक्वेस्ट ॲपपर्यंत पोचण्याआधी चालणारा कोड) होतं. सगळ्यांसाठी सुरक्षित ठरेल अशा रीतीनं ते चालवणं शक्य नाही म्हणून २००९ साली, १.१ आवृत्तीत, ते काढूनच टाकलं. जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ला नुसतं ट्रू दिलं की तो डावीकडचाच पत्ता घेतो. तिथे प्रॉक्सींची संख्या किंवा त्यांचे पत्ते द्या.

वाचण्याची योग्य दिशा उजवीकडून डावीकडे. आपल्या ओळखीच्या प्रॉक्सी वगळत जायचं आणि जो पहिला अनोळखी पत्ता लागेल तो व्हिजिटर. एन्जिनएक्समध्ये सेट_रिअल_आयपी_फ्रॉम ही ओळखीची यादी. पण रिअल_आयपी_रिकर्सिव्ह मुळात बंद असतं, आणि बंद असताना हेडरमधला फक्त शेवटचा पत्ता घेतला जातो. पुढे सीडीएन (साइट अनेक ठिकाणच्या सर्व्हरवरून पोचवणारी सेवा), मध्ये लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणारा) अशी रचना असेल तर लॉगमध्ये सीडीएनचे पत्ते दिसू लागतात, आणि सगळं बरोबर लिहिलंय तरी असं का, म्हणून माणूस तासन्‌तास शोधत बसतो. रिअल_आयपी_रिकर्सिव्ह ऑन करा आणि सीडीएननं जाहीर केलेले पत्त्यांचे सगळे पट्टे यादीत घाला. ते पट्टे बदलतात, त्यामुळे यादी क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) ताजी करत राहा. अपाचेत मॉड_रिमोटआयपी लावूनही लॉगमध्ये जुनाच पत्ता दिसत असेल, तर लॉग फॉरमॅटमध्ये ‘एच’च्या जागी ‘ए’ घालून पाहा.

क्लाउडफ्लेअर या सीडीएनचा सीएफ-कनेक्टिंग-आयपी हेडर एकच पत्ता देतो, यादीची भानगडच नाही. सोयीचा आहे. मात्र तुमच्या मूळ सर्व्हरचं पोर्ट जगाला उघडं असेल, तर तोही हेडर कोणीही थेट पाठवू शकतो. फायरवॉलमध्ये फक्त क्लाउडफ्लेअरचे पट्टे ठेवल्याशिवाय तो वापरू नका. २०१४ च्या आरएफसी ७२३९ या इंटरनेट प्रमाणामधला ‘फॉरवर्डेड’ हेडर कागदावर जास्त नेटका आहे, पण साखळीतली प्रत्येक कडी तो समजत असेल तरच घ्या.

प्रॉक्सी प्रोटोकॉल

एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरचे निर्माते विली तारो यांनी मांडलेली ही पद्धत एचटीटीपीला हातच लावत नाही. कनेक्शन उघडताच, बाकी काहीही जाण्याआधी, प्रॉक्सी मूळ पत्ता आणि पोर्ट सांगणारी एक ओळ पाठवते. पहिली आवृत्ती साध्या मजकुराची, दुसरी बायनरी. प्रॉक्सीला टीएलएस उघडावं लागत नाही, आणि मेल सर्व्हरसारख्या एचटीटीपी नसलेल्या सेवांनाही ती चालते.

याची किंमत बदल करताना कळते. दोन्ही टोकं एकदमच बदलावी लागतात. पाठवणारा चालू आणि घेणारा बंद असेल, तर एन्जिनएक्स ४०० देतो किंवा टीएलएसचा हँडशेक मोडतो. उलट झालं तर एरर लॉगमध्ये ‘ब्रोकन हेडर’ येतं. साधे हेल्थ चेकही (सर्व्हर चालू आहे का हे बघणाऱ्या तपासण्या) पडतात. म्हणून नवा प्रकार वेगळ्या पोर्टवर सुरू करा, कर्लच्या ‘हायफन हायफन एचएप्रॉक्सी-प्रोटोकॉल’ पर्यायानं तपासा आणि मगच वाहतूक वळवा. विश्वासाचा प्रश्न इथेही सुटत नाही: ते पोर्ट थेट गाठता येत असेल, तर ओळही खोटी लिहिता येते.

मग काय घ्यावं?

पुढची प्रॉक्सी टीएलएस उघडत असेल, तर हेडरच घ्या. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरवर प्रॉक्सी प्रोटोकॉल मिळतच नाही, त्यामुळे तिथे वेगळा विचार उरत नाही. नेटवर्क लोड बॅलन्सर टीएलएस न उघडता पुढे पाठवत असेल, तर त्याचं क्लायंट आयपी जपण्याचं सेटिंग आधी पाहा आणि ते जमत नसेल तर प्रॉक्सी प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती लावा. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये नोडचाच (त्यातल्या मशीनचाच) पत्ता दिसत असेल तर एक्सटर्नल-ट्रॅफिक-पॉलिसी ‘लोकल’ करून बघा. तेवढ्यानं भागलं तर यातलं काहीच लागत नाही.

निर्णय कुठलाही असो, पत्ता ओळखण्याचं काम एकाच जागी ठेवा, शक्यतो ॲपच्या लगत पुढे असलेल्या सर्व्हरवर. सर्व्हर आणि ॲप दोन्हीकडे पत्ता ठरवला गेला की लॉग एक पत्ता दाखवतो आणि बंदी दुसऱ्यावर बसते. बंदी घालताना हेही बघा की मोबाइल कंपन्या एका आयपीव्ही४ पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. तिथे पूर्ण बंदीऐवजी वेग कमी करणं बरं. आयपीव्ही६ वर मात्र मोजणी एकेका पत्त्यावर न करता निदान ६४ बिटांच्या प्रीफिक्सवर करा, कारण तेवढा पट्टा एकट्या ग्राहकाच्या हाती असतो.