फेज-फील्ड पद्धतीने तड्याचे गणित: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रींमध्ये ओतल्या जाणाऱ्या ग्रे आयर्नच्या (ठिसूळ ओतीव लोखंडाच्या) ब्रॅकेटांचे डिझाइन तपासण्यासाठी गेले काही महिने मी फेनिक्स (FEniCS) या मुक्तस्रोत संगणक प्रणालीवर फेज-फील्ड ही तडा कसा वाढेल याचे गणित करणारी पद्धत वापरत आहे. तडा कुठे सुरू होईल आणि कुठे वळेल हे आधी सांगावे लागत नाही, हे तिचे खरे बळ. ग्रिफिथने 1921 मध्ये मांडलेला तडा वाढण्याच्या ऊर्जेचा हिशेब फ्रान्सफोर्ट आणि मारिगो यांनी 1998 मध्ये किमान ऊर्जेच्या प्रश्नात बसवला, त्यावर ती उभी आहे. तड्याची रेघ इथे 0 (अखंड) ते 1 (तुटलेला) अशा हानीच्या अरुंद पट्ट्यात पसरवली जाते.

या पट्ट्याची रुंदी ठरवणारी लांबी अनेक जण मेश (गणितासाठी भागाचे लहान तुकड्यांत, म्हणजे एलिमेंटांत, पाडलेले जाळे) परवडेल तशी निवडतात. मला ते अजिबात मान्य नाही, कारण या पद्धतीच्या एटी-1 या प्रकारात ती धातूच्या गुणधर्मांशीच बांधलेली असते: भंगचिवटपणाला (तडा वाढण्याला धातूचा विरोध) ताणबळाने (धातू तुटण्याआधी सोसतो तो ताण) भागून वर्ग करावा आणि त्याचे तीन-अष्टमांश घ्यावेत. भंगचिवटपणा 16 मेगापास्कल-रूट-मीटर आणि ताणबळ 260 मेगापास्कल धरले, तर सुमारे 1.4 मिलिमीटर येते. म्हणजे तड्याच्या वाटेवर एलिमेंट अर्ध्या मिलिमीटरच्या आतले हवेत, आणि त्रिमितीत एलिमेंटची बाजू निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते. फिलेटच्या (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईच्या) आसपासच मेश बारीक ठेवल्याशिवाय साध्या वर्कस्टेशनवर हे जमत नाही.

ऊर्जेची विभागणी न करता गणित चालवले की बोल्टच्या डोक्याखाली, जिथे धातू नुसता दाबला जातो, तिथेही हानी उमटते. दाबाखाली तडा उघडत नाही हे गणिताला आपण होऊन कळत नाही. ताणाची आणि दाबाची ऊर्जा वेगळी काढून फक्त ताणाचीच हानीला जोडली, की तो डाग जातो आणि फिलेटच्या मुळाशी सुरू होणारा तडा स्वच्छ दिसतो. भाराच्या पायऱ्याही लहान ठेवाव्यात. विस्थापन आणि हानी आळीपाळीने सोडवताना पायरी मोठी झाली, तर तुटण्याचा भार प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ही चूक नेमकी उलट्या बाजूची आहे.

मूळ मांडणी एकदाच वाढत जाणाऱ्या भारासाठी आहे. वाहनांच्या सुट्या भागांसाठी ग्राहक विचारतात तो थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली तडा वाढण्याचा, प्रश्न असतो, आणि तिथे मी अजूनही फेज-फील्डमधून फक्त तड्याची वाट घेतो व आयुष्याचा अंदाज पॅरिसच्या नियमाने (दर भारचक्राला तडा किती वाढतो हे सांगणाऱ्या सूत्राने) काढतो.