अमिनो पावडर की घरचं अंडं-मटकी?
पुतण्या ११ वर्षांचा, वजन जास्त, तर जिममधल्या एकानं सांगितलं बीसीएए पावडर द्या म्हणून. आता बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यापासून बनतं ते घटक), आणि लठ्ठ पोरांच्या रक्तात बऱ्याचदा हीच आधीपासून वाढलेली सापडतात, त्याचा संबंध इन्सुलिन रेझिस्टन्सशी (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याच्याशी) लावतात, मग वरनं अजून कशाला ओतायची? त्यापेक्षा एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, गरजेची नऊच्या नऊ अमिनो ॲसिड त्यात, आणि मटकी-भाकरीनं पोट भरतंय, फायबर पण मिळतं. डॉक्टरनी एखाद्या आजारासाठी पावडर लिहून दिली तर गोष्ट वेगळी. आम्ही कोल्ड्रिंक बंद केलंय आणि रोज संध्याकाळी रंकाळ्यावर खेळायला नेतोय, डब्ल्यूएचओ पण मुलांना दिवसाला ६० मिनिटं सांगते.