फिशटँकचं पाणी बदलायचंय: बादली, लांब नळी की कायमचं पाइपिंग?

मेहुण्यांनी कुपवाडच्या नव्या घरासाठी तीन फुटी फिशटँक ठरवलाय आणि पाणी बदलायची सोय आधीच करून घ्यावी का, असं ते विचारत होते. नक्की करून घ्यावी. मासे पाळणं सुटतं ते बहुतेक वेळा पाणी बदलायच्या कंटाळ्याने. फिल्टर कितीही भारी बसवला तरी तो माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतो. नायट्रेट तिथेच साठत राहतं. थोडं झाडं खातात, बाकीचं पाण्याबरोबरच बाहेर काढावं लागतं.

आमचा विश्रामबागेतला टँकही तीन फुटीच आहे. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता १३० लिटरच्या आसपास पाणी. आठवड्याला एक तृतीयांश बदलायचं म्हणजे पंधरा लिटरच्या तीन बादल्या बाहेर आणि तीन आत, म्हणजे जवळपास ९० किलोची ने-आण. दीड-दोन फुटी टँकला मी आजही बादली आणि सायफनची नळीच सांगेन. खर्च जवळजवळ नाही, आणि रेतीतली घाण डोळ्यांसमोर ओढून निघते. तीन फुटांच्या पुढे मात्र पाठ बोलायला लागते आणि आठवड्याचा पंधरवडा कधी होतो ते कळत नाही.

दुसरा मार्ग लांब नळीचा. टँकपासून बाथरूमच्या जाळीपर्यंत गार्डन पाइप टाकायचा. पाइप एकदा पाण्याने भरून घेतला आणि त्याचं बाहेरचं तोंड टँकच्या पाण्यापेक्षा खाली असलं की पाणी आपोआप वाहतं. तोच पाइप बाल्कनीत सोडला तर कढीपत्ता आणि जास्वंद खूश. फक्त टँकमध्ये मीठ किंवा औषध घातलेलं असेल तेव्हा ते पाणी झाडांना नको. बाजारात नळाला लावून त्याच्या जोरावर पाणी ओढणारी जोडणीही मिळते. ती मला आपल्याकडे पटत नाही. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी डोक्यावर चार मीटर असेल तर दाब ०.४ बारच, तेवढ्यात ती नीट ओढत नाही. शिवाय पाणी ओढायला चांगलं पाणी गटारात सोडत राहावं लागतं, आणि उन्हाळ्यात ते बघवत नाही.

भरताना तोच पाइप नळाला जोडणार असाल तर त्याचं तोंड टँकच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. टाकी धुवायला वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खाली कुणी नळ सोडला, तर माशांचं पाणी उलटं घराच्या पाइपात खेचलं जाऊ शकतं.

तिसरा मार्ग टँकच्या काचेलाच भोक पाडून निचरा काढण्याचा, आणि मन लावून करावं असं काम हेच. गच्चीच्या टाकीला लावतात तोच टँक कनेक्टर इथे चालतो. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. भोक तळाला नको. तिथला वायसर गळला तर सगळा टँक रिकामा होईल. मागच्या काचेला, वरच्या बाजूला भोक घ्यायचं. आतून एल्बो लावून पाइप खाली उतरवायचा आणि पाणी जिथपर्यंत उतरवायचंय तिथे त्याचं तोंड ठेवायचं, तोंडाला जाळी. बाहेर बॉल व्हॉल्व्ह, पुढे बाथरूमपर्यंत पाइप. व्हॉल्व्ह उघडला की पाणी त्या तोंडापर्यंत उतरतं, हवा आत शिरते आणि धार आपोआप तुटते. व्हॉल्व्ह बंद करायचा विसरलात तरी मासे पाण्यातच राहतात. मला ही युक्ती फार आवडते.

अडचण काचेची. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, तिचा क्षणात चुरा होतो. साध्या काचेलाही डायमंडचं बिट, वर सतत पाण्याची धार आणि हलका हात लागतो. भरलेल्या जुन्या टँकवर हा प्रयोग करू नका. भाड्याच्या घरात तर लांब नळीच बरी.

काही जण टँकला थेंब-थेंब पाणी चालू ठेवून जादाचं वरून वाहू देतात. सोय मोठी, पण नवं पाणी जुन्यात मिसळूनच बाहेर पडतं. टँकच्या ३० टक्के पाणी असं सोडलं तर प्रत्यक्षात २६ टक्केच बदलतं. नळाला क्लोरीन असताना सरळ जोडणी करू नये, हे वेगळं सांगायला नको.

बाहेर काढणं सोपं झालं की खरा विचार आत घालायच्या पाण्याचा. पावसाळ्यात कृष्णा गढूळ झाली की आमच्या नळाला क्लोरीनचा वास चांगलाच येतो. मी पन्नास लिटरच्या ड्रममध्ये पाणी २४ तास एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवतो, म्हणजे क्लोरीन उडून जातो, आणि कूलरच्या पंपाने टँकमध्ये चढवतो. ड्रम नको असेल तर क्लोरीन मारायचं औषध वापरा, पण थेट नळाने भरताना त्याचा डोस नव्या पाण्याचा नव्हे, पूर्ण टँकच्या लिटरचा धरा. आणि मे महिन्यात गच्चीच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, तेव्हा भरणं पहाटेच.

मेहुण्यांचं घर स्वतःचं, टँक अजून काचवाल्याकडेच. म्हणून त्यांना तिसरा मार्ग सांगितलाय, ड्रम आणि पंपासकट. चिकटवण्याआधीच मागच्या काचेला भोक पाडून घ्यायचं. कनेक्टर आधी विकत आणून त्याची चुडी (आट्यांचा भाग) मोजायची, मगच बिट ठरवायचं. घरी आल्यावर टँक काठोकाठ भरून, जोडाखाली कोरडा पेपर अंथरून दोन रात्री ठेवायचा. पेपर कोरडा राहिला, तरच रेती टाकायची.